टायमिंग चेन घरी बदलताना : दोन खुणा आणि एक चिंधी

सकाळी गाडी पहिल्याच किकला सुरू होते, पण इंजिनातून पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखी खरखर येते. दोन-तीन मिनिटांनी इंजिन तापलं की आवाज दबतो आणि आपणही विसरून जातो. महिन्याभराने तीच खरखर तापलेल्या इंजिनातही ऐकू यायला लागते. असं झालं की टायमिंगचा विचार करायचाच.

आधी एक घोळ निस्तरतो. ‘टायमिंग बेल्ट’ हा शब्द कारमुळे तोंडात बसलाय. आपल्याकडच्या शंभर ते दोनशे सीसीच्या गाड्यांत बेल्ट नसतो, चेन असते. बेल्टवर टायमिंग चालणाऱ्या मोटारसायकली आहेत, नाही असं नाही. होंडाची १९७५ ची पहिली गोल्ड विंग बेल्टवरच होती आणि डुकाटीच्या काही इंजिनांत आजही बेल्ट असतो. पण बीड-परभणीच्या रस्त्यावर त्या दिसायच्या नाहीत. स्कूटरमध्ये जो रबरी बेल्ट असतो तो मागचं चाक फिरवतो, त्याचा टायमिंगशी संबंध नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं ‘बेल्ट द्या’ म्हणालात तर दुकानदार आधी स्कूटरच विचारणार. आपण मागायचं ते टायमिंग चेन किट.

ही चेन करते काय? क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो खालचा दांडा) दोन फेरे घेतो तेव्हा वरचा कॅम (वॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) एकच घेतो, म्हणून कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरपेक्षा बरोबर दुप्पट दाते असतात. पिस्टन वर येताना कोणता वॉल्व्ह उघडा आणि कोणता बंद, हा हिशेब या एका बारक्या चेनवर चाललेला असतो. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक पिन आणि तिचं बुश थोडं थोडं झिजतं. ९० कड्यांची चेन धरा आणि दर कडीला ०.०२ मिमी झीज धरा. एकूण लांबी १.८ मिमीने वाढली. तेवढ्याने खरखर सुरू होते.

या झिजेला बहुतेक वेळा आपणच कारण असतो. काळ्या रानातली धूळ, दुधाचे दोन कॅन किंवा कडब्याच्या पेंढ्या, त्यात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ओढलेली गाडी, आणि ‘अजून पाचशे किलोमीटर चालेल’ म्हणून लांबवलेलं ऑइल. चेन त्याच ऑइलवर जगते.

आधी आवाज ओळखा

टॅपेट (वॉल्व्हच्या टोकावरचा फट ठेवायचा स्क्रू) सैल असेल तर ‘टक टक टक’ असा सुटा, मोजता येणारा आवाज येतो. चेनचा आवाज सलग खरखरतो. तो सिलिंडरच्या एका बाजूने येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना वाढतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलिंडरच्या बाजूला टेकवा आणि मूठ कानाशी धरा. दोन्ही बाजूंना लावून पाहिलं की फरक कळतो. शर्टाची बाही आणि गळ्यातला गमजा मात्र चाकापासून लांब ठेवा.

आवाज चेनचा वाटला तरी लगेच किट आणू नका. सिलिंडरच्या मागच्या बाजूला दोन बोल्टांनी बसवलेला टेन्शनर असतो. आतली स्प्रिंग दांडा पुढे ढकलते, दांडा पट्टीला आणि पट्टी चेनला दाबते. पुष्कळदा हा टेन्शनरच अडकलेला असतो. तो काढून पाहा. दांडा हाताने सरकतो का, बाहेर आलेला मागे घसरतो का, हे तपासा. दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला असेल तर टेन्शनर बिचारा त्याच्या परीने पुरा लढलाय आणि चेनच संपलीय. दुसरी खात्री हेडचं वरचं कव्हर काढून करता येते. कॅमच्या गिअरवर, टेन्शनर जागेवर असताना, चेन बोटाने दात्यांवरून वर उचलली जात असेल तर बदलाच.

एक सांगून ठेवतो. चेन दोन्ही गिअरवर असताना टेन्शनर काढला की तो परत बसेपर्यंत किक, सेल्फ किंवा चाक काहीही फिरवायचं नाही. ढिली चेन दाता सोडते. पिस्टन आणि वॉल्व्ह एकमेकांना भिडले तर वॉल्व्ह वाकतो, आणि दोन तासांचं काम हेडच्या कामावर जातं.

काय काय जमवायचं

८ ते १७ चे सॉकेट आणि टी-पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), तुमच्याच मॉडेलचा मॅग्नेट पुलर (मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकावरचं वीज बनवणारं चुंबकी चाक, ते ओढून काढायचं हत्यार), मॅग्नेट धरायचा होल्डर, टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना). किटमध्ये चेन, कॅमचा गिअर, टेन्शनरची पट्टी आणि गाईड येतात का ते दुकानातच उघडून बघा. काही ठिकाणी नुसती चेन हातात ठेवतात. मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग, हेड कव्हरचं रबर आणि टेन्शनरचं पॅकिंग नवीन घ्या. ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं, मोटारसायकलचंच. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो.

यात पुलर आणि टॉर्क रेंच सोडून बाकी सगळ्याला पर्याय निघतात. छिन्नी-हातोड्याने मॅग्नेट काढलेली माणसं मी पाहिलीत. मॅग्नेटच्या आतले चुंबक तडकतात, क्रँकच्या टोकाचे आटे जातात, आणि मग गाडी टेम्पोत घालून शहरात न्यावी लागते. पुलर विकत नको असेल तर गॅरेजवाल्याकडून दोन तासांसाठी मागून आणा. आमच्या गावचे उस्ताद देतात, फक्त संध्याकाळी चहाला जाऊन परत करावा लागतो.

आणखी दोन गोष्टी ज्या कुठल्याच यादीत नसतात. हातभर बारीक तार आणि स्वच्छ सुती चिंधी. चिंधीचं कारण पुढे येईल.

उघडताना

इंजिन पूर्ण गार हवं. उन्हाळ्यात हे काम पहाटे सुरू करा. बारा वाजता पत्र्याच्या शेडमध्ये हात पोळतात आणि चुका होतात. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर घ्या. खाली पोतं अंथरा, म्हणजे बोल्ट मातीत जाणार नाही. पेट्रोल बंद करा, बॅटरीची ऋण वायर काढा. इंजिन बाहेरून डिझेलने धुऊन कोरडं करा (रॉकेल आता मिळतंय कुणाला?). ऑइल काढून घ्या. टाकी आणि सीट काढली तर हेडवर हात मोकळा चालतो. स्पार्क प्लग काढा, दोन असतील तर दोन्ही. प्लग काढला की दाब राहत नाही आणि इंजिन हाताने हलकं फिरतं. प्लगचं भोक मात्र झाकून ठेवा.

हेडचं कव्हर काढा. मग डाव्या कव्हरवरची दोन झाकणं उघडा. मधल्या मोठ्या झाकणामागे क्रँकचा बोल्ट किंवा नट असतो आणि वरच्या छोट्या झाकणामागे खूण बघायची खिडकी.

आता पिस्टन वर आणायचा. क्रँक नेहमी गाडी पुढे जाते त्याच दिशेला फिरवा. डाव्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट. पण पान्याने त्या दिशेला जोर लावला की नट सैलच व्हायचा. म्हणून सोपी युक्ती करा. टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. खिडकीत ‘टी’ अक्षराजवळची रेघ कव्हरच्या खाचेसमोर आली की थांबा.

‘टी’ दोन वेळा येतो, एकदा कॉम्प्रेशनला (दोन्ही वॉल्व्ह बंद असताना) आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी (धूर बाहेर ढकलून झाल्यावर). आपल्याला कॉम्प्रेशनचा हवा. दोन्ही रॉकर (वॉल्व्हला दाबणारे हेडमधले हात) बोटाने हलवून बघा. दोन्ही किंचित खुळखुळले तर जागा बरोबर आहे. एखादा ताठ असेल तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा.

इथे फोटो काढा. खिडकीचा एक, कॅमच्या गिअरचा एक, टेन्शनरच्या बाजूचा एक. पण जुन्या चेनवरची गिअरची खूण अगदी नेमकी समांतर दिसेलच असं नाही. झिजलेली चेन कॅमला किंचित मागे ठेवते. तो फोटो ‘कोणती खूण कुठल्या बाजूला’ एवढ्यापुरता. नवी चेन बसवताना जुन्या तिरकेपणाची नक्कल करायची नाही.

टेन्शनर काढा. मधला बोल्ट आधी सैल करा, कारण आत स्प्रिंग असते. मग बाजूचे दोन. त्यानंतर कॅमच्या गिअरचे बोल्ट, आणि ते काढण्याआधी चिंधी. गिअरच्या खाली चेनचा बोगदा सरळ क्रँकपर्यंत जातो. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा चिंधी कोंबली नव्हती. दुसरा बोल्ट सॉकेटमधून निसटला, गिअरवर एकदा टिंग वाजला आणि गेला. पुढचा दीड तास तारेच्या टोकाला जुन्या स्पीकरचं चुंबक बांधून मी विहिरीतली बादली काढावी तसा तो बोल्ट काढत होतो. शेवटी निघाला. तेव्हापासून चिंधी आधी, पाना नंतर. चिंधीचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, नाहीतर कव्हर लावताना तीच आत राहायची.

गिअर काढला की चेनला तार बांधा आणि तारेचं दुसरं टोक फ्रेमला. मग चिंधी काढून खालच्या कामाला लागा.

डावं कव्हर काढताना ते चिकटल्यासारखं वाटेल. बऱ्याच गाड्यांत कॉइल कव्हरमध्येच असते आणि मॅग्नेट तिला ओढून धरतं. सरळ बाहेर ओढा, बोटं मध्ये येऊ देऊ नका. कव्हरच्या दोन पोकळ पिना खाली पडल्या का बघा. मॅग्नेट होल्डरने धरून नट काढा, पुलर पूर्ण आटे बसेपर्यंत घट्ट करा आणि मधला बोल्ट आवळत न्या. ‘टण्ण’ असा आवाज होऊन मॅग्नेट सुटतं. पहिल्यांदा दचकायला होतं. क्रँकवरच्या खाचेतली अर्धचंद्राच्या आकाराची चावी लगेच काढून डबीत ठेवा. सेल्फ स्टार्टच्या गाडीत मॅग्नेटमागे सेल्फचा मोठा गिअर असतो, तोही क्रमाने काढा आणि काढला त्याच क्रमाने पोत्यावर मांडा. ज्या गाड्यांत कॉइल प्लेट मॅग्नेटच्या मागे असते तिथे ती प्लेटही काढावी लागेल, आणि तिचं ऑइल सील त्याच बैठकीत बदलून टाका.

आता क्रँकचा छोटा गिअर आणि त्यावरची चेन दिसेल. तार सैल सोडत चेन खालून बाहेर घ्या. तारेचं वरचं टोक वरच राहू द्या, नवी चेन त्याच तारेने वर ओढायचीय.

जुनी आणि नवी चेन शेजारी ठेवून कड्या मोजा. दुकानदाराने ‘हीच बसते’ म्हटलं तरी मोजा. दोन कड्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही. मागची टेन्शनर पट्टी खालच्या बोल्टाने बसवलेली असते, ती बदला. पुढची गाईड पट्टी काही इंजिनांत वरून निघते, काहींत हेड उतरवल्याशिवाय हलत नाही. टॉर्च मारून रबर बघा. चेनच्या हलक्या रेघा असतील तर राहू द्या. खोल चर पडलेत किंवा तुकडा उडालाय असं दिसलं तर मात्र इथेच थांबून मिस्त्रीकडे जा. हेड उतरवणं हे वेगळं प्रकरण आहे.

जुळवणी

नव्या चेनला ऑइलचा हात फिरवा, तारेला बांधून वर ओढा आणि खाली क्रँकच्या गिअरवर बसवा. यापुढे चेन सतत वर ताणलेली राहिली पाहिजे. ढील पडली की ती खाली क्रँकच्या गिअरभोवती गोळा होते आणि अडकते.

चावी खाचेत बसवा, मॅग्नेट सरकवा, नट आवळा. माझा मावसभाऊ वाळूजच्या एमआयडीसीत असेंब्ली लाइनवर होता. त्याच्या मते टॉर्क रेंचशिवाय नटाला हात लावणं म्हणजे पाप. उस्ताद म्हणतात, ‘बाबा, हाताला कळतंय की.’ मॅग्नेटच्या नटाबाबत मी मावसभावाच्या बाजूचा आहे, कारण तो ढिला राहिला तर चावी तुटते. पुस्तकातला आकडा बघा आणि तेवढंच आवळा. हे सगळं करताना क्रँक थोडा हलणारच. कॅमला हात लावला नसेल तर दोन्ही वॉल्व्ह बंद आहेत, काळजी नाही.

मग कव्हर पॅकिंगसकट तात्पुरतं लावा. खूण बघायची खाच कव्हरवर असते, त्यामुळे कव्हर न लावता ‘टी’ जुळवणं म्हणजे अंदाजपंचे. चेन वर धरून ठेवा आणि ‘टी’ ची रेघ खाचेसमोर आणा.

आता कॅमचा गिअर. त्यावर बहुतेक दोन रेघा किंवा टिंब असतात. रेघा हेडच्या वरच्या कडेला समांतर यायला हव्यात, टिंब किंवा बाण ठरलेल्या बाजूला. तुमच्या गाडीची खूण कोणती ते फोटोत बघा. गिअर चेनमध्ये बसवताना पुढच्या बाजूची चेन ताठ हवी. क्रँक फिरतो तेव्हा हीच बाजू खाली ओढली जाते. जी काही ढील आहे ती सगळी मागे, टेन्शनरच्या बाजूला आली पाहिजे. पुढे थोडी जरी ढील राहिली तर खुणा आत्ता जुळलेल्या दिसतात आणि टेन्शनर बसवताच दाताभर सरकतात.

गिअर कॅमवर बसवा, चिंधी कोंबा, बोल्ट हाताने लावा आणि चिंधी काढून घ्या. मग मागच्या बाजूने एक बोट किंवा लाकडी काडी आत घालून पट्टी दाबा, म्हणजे टेन्शनरचं काम तात्पुरतं तुम्ही करा. आता पुन्हा दोन्ही खुणा बघा. वर बघा, खाली बघा. डोळा खुणेच्या समोर ठेवा, बाजूने पाहिलं तर रेघ भलतीकडे दिसते.

दाताभराची चूक लहान वाटते, म्हणून आकडा सांगतो. कॅमच्या गिअरला ३० दाते धरा. एक दाता म्हणजे कॅमचे १२ अंश, आणि क्रँकचे २४. इतक्या फरकाने गाडी सुरू होते, हीच गंमत आहे. बोल्ट काढायच्या नादात दमलेलो असताना मी एकदा अशाच चुकीसकट इंजिन जोडून टाकलं. किक मऊ लागत होती, पण मला वाटलं नवीन चेन आहे, हलकं चालतंय. दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी म्हशीसारखी बसली. मागून ट्रकचा हॉर्न, समोर चढ. घरी येऊन उघडलं तर गिअरची रेघ स्पष्ट तिरकी. संध्याकाळच्या उजेडात मी ती ‘जवळपास बरोबर’ धरली होती.

किती तिरकं चालतं? एका दात्याने हलवून बघा. दुसऱ्या बाजूला जास्त तिरकी झाली तर आधीची जागा बरोबर होती. नव्या चेनवर रेघ डोळ्याला समांतरच दिसली पाहिजे.

टेन्शनर बसवण्याआधी त्याचा दांडा पूर्ण आत घ्यायचा. काहींत बारीक स्क्रू ड्रायव्हर फिरवून आत जातो, काहींत कुत्रं (दांडा मागे घसरू न देणारी बारीक खुंटी) उचलून ढकलावा लागतो. दांडा बाहेर असताना बोल्टाने ओढून बसवला तर चेन तुटेपर्यंत ताणली जाते. बसवल्यावर दांडा सोडा, ‘कट्’ ऐकू येतं.

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहिला ते. किक नाही, सेल्फ नाही. टॉप गिअर, मागचं चाक, आणि हाताने क्रँकचे चार पूर्ण फेरे, म्हणजे कॅमचे दोन. सावकाश. कुठे कठीण अडलं तर जोर लावू नका. वॉल्व्ह पिस्टनला टेकलाय. मागे या आणि खुणा तपासा. फेरे सहज झाले तर ‘टी’ वर थांबून वरची रेघ पुन्हा बघा. आता समांतर असेल तर ती खरी. आधीची फक्त उमेदवार होती.

चिंधी पुन्हा कोंबा, कॅमच्या गिअरचे बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कने आवळा आणि चिंधी काढा.

बंद करताना

याच जागेवर टॅपेट तपासा. इंजिन गार आहे, पिस्टन वर आहे, पुन्हा अशी संधी येत नाही. गॅप पुस्तकात दिलेला ठेवा. इनटेक आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. फीलर गेज जाड वहीच्या पानांतून सुटा कागद ओढावा तसा अडकत-अडकत यायला हवा. नट आवळताना गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा.

कव्हरचे बोल्ट तिरपे-तिरपे आवळा, एकाच बाजूने नको. ऑइल भरा आणि डिपस्टिकवर मोजा. प्लग लावण्याआधी इग्निशन बंद ठेवून दहा-पंधरा किका मारा, ऑइल वरपर्यंत पोहोचतं. मग प्लग, बॅटरी, टाकी.

पहिली दोन-चार सेकंद बारीक आवाज आला तर घाबरू नका. दहा सेकंदांनंतरही खरखर असेल किंवा ठोका ऐकू आला तर तत्काळ बंद करा. बरोबर झालं असेल तर फरक असा असतो की शेजारचा विचारतो, ‘काय ओ, गाडी बदलली का?’ पाच मिनिटं चालू ठेवून पॅकिंगच्या कडा पुसा आणि ऑइल झिरपतंय का बघा.

काढलेलं काळं ऑइल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका. पावसाळ्यात ते विहिरीत उतरतं. डब्यात भरून गॅरेजला द्या.

पाचशे किलोमीटरनंतर हे नवं ऑइलही काढा. नव्या चेनची आणि पट्टीच्या रबराची पहिली झीज त्यात आलेली असते. साइड पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. माझ्या पॅनलवर असे दोन आकडे आहेत, आणि पहिल्याच्या शेजारी ‘चिंधी!’ असंही लिहिलंय.